तारीखअण्णा

नेमिनाथ बाबगोंडा मगदूम, बी.ए., एलएल.बी., यांनी सबंध वकिलीत एक अपवाद सोडला तर एकही खटला जिंकला नाही. हरलाही नाही. कारण त्यांचा खटला संपतच नसे. फिर्यादी म्हातारा होई, न्यायाधीश बदलून जाई, कारकून पेन्शनीत निघे, पण मगदूम वकिलांकडं दिलेलं प्रकरण आपलं पुढच्या तारखेला पुन्हा ताजंतवानं उभं राही. वकिलांच्या खोलीत त्यांना तोंडावर अण्णा म्हणत आणि पाठीमागं तारीखअण्णा. पुढंपुढं तोंडावरही तारीखअण्णाच म्हणू लागले, आणि अण्णांनी ते विद्यापीठानं दिलेल्या पदवीसारखं निमूट स्वीकारलं.

उंच, थोडे पुढं वाकलेले, धोतर आणि वर काळा कोट. कोट काळा होता हे ते सांगत म्हणून मानायचं. माझ्या ओळखीच्या काळात तो शेवाळी झाला होता. उजव्या खिशात तपकिरीची डबी, डाव्या खिशात भाजलेल्या शेंगा. जयसिंगपूरजवळ घरची जमीन होती, भाऊ तंबाखू आणि भुईमूग पिकवायचे, त्यामुळं अण्णांचे दोन्ही खिसे बाराही महिने भरलेले असत. अशील नसले तरी त्यांचं अडत नव्हतं. तसे अशील नव्हतेच. पैसे देऊन वकील करणाऱ्या माणसाला आपला खटला कधीतरी संपावा अशी इच्छा असते, आणि तिथंच अण्णांचं आणि त्याचं फाटायचं.

"घाई कुणाला हाय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अशिलाला, बायकोला, टांगेवाल्याला, न्यायाधीशाला, सगळ्यांना ते हाच प्रश्न विचारत आणि उत्तराची वाट न बघता तपकीर ओढत. त्यानंतर शिंका. त्या शिंका कोर्टात प्रसिद्ध होत्या. समोरचा वकील ऐन रंगात आला की अण्णांची डबी उघडायची, आणि पाठोपाठ सात शिंका. सातवी संपेपर्यंत समोरचा वकील आपण कुठं होतो हे विसरलेला असे.

आणखी एक हुकमी गोष्ट म्हणजे सूर्य. अण्णा जैन. दिवस मावळायच्या आत जेवण. चार वाजून गेले की ते उभे राहून म्हणत, "सायेब, माझी जेवायची वेळ."

"वकीलसाहेब, सूर्य मावळायला अजून दोन तास आहेत."

"घर लांब हाय, सायेब."

घर शाहूपुरीत होतं. चालत दहा मिनिटं. हे न्यायाधीशांना ठाऊक होतं, शिपायाला ठाऊक होतं आणि भिंतीवरच्या घड्याळालाही ठाऊक असावं. पण एखाद्याच्या धर्माच्या आड कोण येणार? तारीख पडायची.

आमची गाठ पडली ती समितीमुळं. सिंधमधून आलेली माणसं वळिवड्याच्या छावणीत उतरली होती. युद्धाच्या काळात परदेशी निर्वासितांसाठी उभ्या केलेल्या बराकी तिथं रिकाम्या होत्या, त्यात यांना ठेवलं. गावात या माणसांविषयी दोन मतं होती, एक भाषणातलं आणि एक घरातलं. भाषणातल्या मताच्या जोरावर काही प्रतिष्ठितांनी 'निर्वासित व निराधार स्त्री-पुरुष विनामूल्य कायदा साहाय्य समिती' काढली. पाटी रंगवणाऱ्याला जागा पुरली नाही, म्हणून 'विनामूल्य' हा शब्द त्यानं तळाशी बारीक अक्षरात कोंबला. अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश, रावसाहेब. समितीच्या नियमांत 'किमान एक स्त्री सभासद' असं कलम होतं. ती किमान स्त्री म्हणजे मी. सरकारी शाळेत भूगोल शिकवणारी, आणि रावसाहेबांच्या घरापासून तिसऱ्या घरात राहणारी; एवढ्यावर माझी निवड झाली होती.

गावातल्या मोठमोठ्या वकिलांनी समितीला आपली नावं दिली. वेळ कुणी दिला नाही. नावं कागदाच्या माथ्यावर छापली, आणि खाली काम करायला माणूस मिळेना. एक दिवस अण्णा स्वतःच आले. कुणी बोलावलं नव्हतं.

"पाटीवर माझं नाव नको," ते म्हणाले. "कोपऱ्यात एक खुर्ची द्या. घरात बसलो की बायको कामं सांगती."

रावसाहेबांनी त्यांना खुर्ची दिली, मत मात्र दिलं नाही. मगदूम वकील समितीचं काम बघतील, पण सभासद नसतील, असं ठरलं. रावसाहेब मला हळूच म्हणाले, "बाई, या माणसाच्या हातून निर्वासितांचं काय भलं होणार? त्यांची नातवंडं तारखांना येत राहतील."

ते खरं ठरलं, पण रावसाहेबांच्या मनात होतं तसं नव्हे.

छावणीतल्या बराकींची एक ओळ एका ठेकेदारानं लिलावात घेतली होती, कुणी राहायला येण्याच्या आधी. लिलावाच्या कागदात कौलं होती, वासे होते, दारं-खिडक्या होत्या. आत राहणारी माणसं त्या कागदात कुठंच नव्हती. ठेकेदार म्हणाला, माझा माल मला उतरवून न्यायचाय, माणसं काढा. त्यानं दावा लावला. माणसं अण्णांकडं आली. अण्णांनी एकेकाला शेंगा दिल्या आणि विचारलं, "घाई कुणाला हाय?" त्या माणसांना भाषा कळली नाही, पण आपल्याला घाई नाही एवढं त्यांनाही कळलं असावं.

पहिल्या तारखेला अण्णा म्हणाले, नोटीस मराठीत आहे, माझ्या अशिलांना मराठी येत नाही, सिंधीत भाषांतर हवं. कोर्टाला सिंधी जाणणारा माणूस सापडेना. शोधाशोधीत पावसाळा गेला. अखेर छावणीतलेच एक सिंधी मास्तर मिळाले, त्यांनी भाषांतर केलं. ते उजवीकडून डावीकडं लिहिलेलं. कारकुनानं पानं आपल्या सवयीनं डावीकडून टाचली. अण्णांनी हरकत घेतली की नोटिशीची सुरुवात शेवटी आणि शेवट सुरुवातीला आलाय, माझ्या अशिलांचा गोंधळ उडालाय. पुन्हा नोटीस. तेवढ्यात कोल्हापूर संस्थान विलीन झालं. सगळ्या गावाला त्याचं काय ते दुःख किंवा सुख झालं. अण्णांना मात्र निव्वळ आनंद झाला. आता दरबारचा कायदा लागू की मुंबईचा? या एका प्रश्नावर त्यांनी किती तारखा काढल्या ते मी सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. तो प्रश्न झिजल्यावर ते म्हणाले, कागदात नुसती 'कौलं' लिहिलीत. फुटकी की धड? जागेवर जाऊन बघायला माणूस नेमा. नेमलेले वकील भर आषाढात शिडीवर चढले आणि घसरून खाली आले. त्यांचा पाय बरा होईपर्यंत तहकूब.

मला या सगळ्याचा वीट यायचा. मी एकदा न राहवून म्हणाले, "अण्णा, तुम्ही एकदा तरी मुद्द्यावर बोलाल का?"

"मुद्द्यावर बोललो तर निकाल लागतोय की, बाई."

"मग लागू दे."

"कागुद त्याच्याकडं हाय. निकाल लागला तर ही माणसं उद्या रस्त्यावर. मुद्दा त्याचा चांगला हाय. आपल्याकडं काय हाय? येळ." त्यांनी तपकीर ओढली आणि मी शिंकांच्या भीतीनं मागं सरकले.

शेवटी एक दिवस तो ठेकेदारच अण्णांच्या घरी आला. दावा लावणारा माणूस समोरच्याच वकिलाच्या पायरीवर बसून म्हणत होता, "अण्णा, मला ह्यातनं सोडवा. कौलं गेली खड्ड्यात." अण्णांनी त्याला शेंगा दिल्या. तोवर सरकारनंही त्या जागा राहणाऱ्यांच्या नावे करायचं ठरवलं होतं. खटल्याचा निकाल असा लागलाच नाही. सगळ्यांनी मिळून तो विसरून टाकला. त्या बराकीत जन्मलेली पोरं तेव्हा शाळेत जायला लागली होती आणि एकमेकांना अस्सल कोल्हापुरी शिव्या देत होती.

वकिलांच्या खोलीत या गोष्टीवर वर्षभर हशा पिकला. माणसं वाचवल्याबद्दल अण्णांना कुणी शाबासकी दिली नाही. छावणीतल्या बायकांनी पापड पाठवले, तेवढेच. पापड चांगले होते, समितीच्या बैठकीत रावसाहेबांनीच जास्त खाल्ले.

आता पोपटीची गोष्ट. हे सिंधी मुलीचं नाव. सिंधीत त्याचा अर्थ फुलपाखरू, पण कोल्हापुरात पोपटी हा लुगड्याचा रंग असल्यामुळं पोलिसांनी पहिल्या कागदावर 'पोपटी लुगडं नेसलेली मुलगी, नाव सांगत नाही' असं लिहून ठेवलं होतं. ती नाव सांगून सांगून थकली होती.

आईबाप छावणीत आल्यावर वर्षभरात तापानं गेले. ती लांबच्या एका काकाकडं वाढली. एकोणीस वर्षांची झाली तेव्हा मुंबईचा कुणी शेट छावणीत आला, काकाच्या खोलीत दोन माळा घातल्या गेल्या, आणि लग्न झालं म्हणून तो तिला घेऊन स्टेशनवर आला. फलाटावर त्यानं तिला एका बाईच्या ताब्यात दिलं आणि स्वतः दुसऱ्या डब्याकडं निघाला. त्या बाईबरोबर आधीच एक मुलगी बसली होती. तिनं पोपटीच्या कानात सांगितलं, "मलापण ह्यानंच माळ घातलीय."

पोपटी फलाटावर बसली आणि ओरडायला लागली. उठवलं तरी उठेना. गर्दी जमली, पोलीस आले, गाडी सुटली. ती दुसरी मुलगी गाडीबरोबर गेली. तिचं नाव विचारायला पोपटीला वेळ मिळाला नव्हता, आणि पुढं इतर कुणी विचारलं नाही.

पोपटीला निराधार स्त्रियांच्या आश्रमात ठेवलं. चौथ्या दिवशी शेटनं अर्ज केला की ही माझी लग्नाची बायको, माझ्या ताब्यात द्या. काकानं त्याला दुजोरा दिला. शेटनं गावातला सगळ्यात महागडा वकील लावला. पोपटीकडून समितीनं अण्णांना उभं केलं, म्हणजे अण्णा आपले आपण उभे राहिले. स्त्री सभासद म्हणून मला त्यांच्याबरोबर आश्रमात जावं लागलं.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. अण्णा समोर बसले, शेंगा काढल्या आणि सवयीनं म्हणाले, "पोरी, काळजी करू नको. तारखा पडत्यात. घाई कुणाला हाय?"

"मला हाय की," पोपटी म्हणाली.

छावणीबाहेरच्या शाळेत आणि विहिरीवर शिकलेलं तिचं मराठी होतं. इथल्या मुलींसारखी तीही 'मी जातो, मी येतो' म्हणायची. "तुमी तारीख घिऊन घरला जातासा. मी हितं भिताडाकडं बघत बसतो. हितली बाई म्हणती, तुजं न्हवरा चांगलं हाय, जा की. दोन म्हयनं असंच बसलो तर मी पन जातो म्हणीन. मग काय कराल?"

अण्णांनी तपकिरीची डबी बाहेर काढली, हातात धरली आणि न उघडताच परत खिशात ठेवली. असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आमच्या बाजूनं एकच साक्ष होती. काकाच्या खोलीला लागून फळ्यांच्या आडोशापलीकडं हासीबाई नावाची म्हातारी राहायची. तिनं सौदा कानांनी ऐकला होता. पण ती पंधरा दिवसांत मुलाकडं कल्याणच्या छावणीत कायमची जाणार होती, आणि एकदा गेली की तिला परत कोण आणणार? हे समोरच्या वकिलालाही कळलं होतं. मग त्यानं काय केलं? तारीख मागितली. शेटना काम निघालं. पुढच्या वेळी पुन्हा तारीख. शेटच्या नात्यात कुणी वारलं. वकिलांच्या खोलीत लोक पोट धरून हसले. "तारीखअण्णाला कुणीतरी तारीख लावली!" अण्णा खुर्चीत बसून शेंगा सोलत होते. सोललेले दाणे खायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. पुढ्यात ढीग झाला होता.

तिसऱ्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी हासीबाईची गाडी होती.

त्या दिवशी मी शाळेतून रजा घेतली. मॅजिस्ट्रेटसाहेब बसले, पुकारा झाला, आणि समोरचा वकील उठून नम्रपणे म्हणाला, "माझ्या अशिलाला ताप आहे. अंथरुणावरून उठवत नाही."

अण्णा उठले. "सायेब, माझा एक साक्षीदार हाय."

पाठीमागून एक धष्टपुष्ट माणूस पुढं आला. स्टेशनजवळच्या मटणाच्या खानावळीचा मालक. सकाळपासून अण्णा त्या खानावळीच्या दारात नाकाला उपरणं लावून उभे होते म्हणे; आत पाऊल टाकवत नव्हतं आणि नजर काढवत नव्हती.

"काय सांगायचंय?" साहेबांनी विचारलं.

"पावणं आत्ताच दोन ताटं जेवलं की, सायेब. पांढरा रस्सा चारदा मागून घेतला. तापात येवढं जेवण जातंय व्हय?"

कोर्टात हशा झाला. शेट अर्ध्या तासात हजर झाला.

मग शिरस्तेदार म्हणाले, कागदपत्रं सापडत नाहीत. समोरचा वकील दुःखी चेहरा करून साहेबांकडं बघू लागला. अण्णा म्हणाले, "खिडकीजवळचं कपाट. वरनं तिसरा गठ्ठा, लाल फडक्याखाली."

शिपाई गेला आणि कागद घेऊन आला. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, तुम्हाला कसं ठाऊक?"

"कागुद सापडू नये म्हणून तिथंच ठिवत्यात, सायेब," अण्णा खाली बघून म्हणाले. "जुनी जागा हाय."

हासीबाईला फक्त सिंधी येत होतं. दुभाष्या नाही, असं समोरचा वकील म्हणायच्या आत अण्णांनी मागच्या बाकाकडं हात केला. भाषांतराची उलटी पानं लिहिणारे ते मास्तर टोपी सावरत उभे राहिले.

आता आडवं काहीच उरलं नव्हतं. खटला चालला. हासीबाईनं सांगितलं की आडोशापलीकडून काका म्हणत होता, आधी बाजारातला दुकानाचा गाळा माझ्या नावावर करा, मग मुलगी घेऊन जा. समोरच्या वकिलानं तिला तासभर घुसळलं. "फळ्यांतून दिसलं का?" "दिसलं नाही, ऐकलं." "म्हातारपणी कान बरे आहेत?" मास्तरांनी हे भाषांतर केलं तेव्हा म्हातारी म्हणाली की वकील पुटपुटला तेही ऐकलंय, ते सांगू का? त्यानंतर त्यानं तिला सोडलं.

मग अण्णांनी बोलायचं होतं. ते उभे राहिले. अख्ख्या वकिलीत ते मुद्द्यावर कधी बोललेच नव्हते, आणि आता मुद्दा समोर उभा. हातातला कागद टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मागं कुणीतरी खुसखुसलं. एकानं शिंकेची नक्कल केली.

"सायेब," अण्णा म्हणाले, "हिला न्हाय जायचं. बास." आणि बसले.

एवढं वाईट भाषण त्या कोर्टानं ऐकलं नसेल. साहेबांनी पोपटीला पुढं बोलावलं आणि विचारलं, तुला कुठं जायचंय?

"कुठंबी," ती म्हणाली. "ह्येच्यासंगट न्हाय. काकाच्यात न्हाय. आणि साहेब, गाडीत एक आणि पोरगी हुती."

साहेबांनी निकाल दिला की मुलगी सज्ञान आहे, कुणाच्या ताब्यात देता येणार नाही. व्यवस्था लागेपर्यंत समितीनं तिची काळजी घ्यावी. शेटवर खटला झाला, तो जामिनावर सुटला आणि पुन्हा कुणाला दिसला नाही. काकाचा गाळा शाबूत राहिला. तिथं कापड चांगलं मिळतं असं आमच्या शाळेतल्या बाया सांगायच्या.

बाहेर आले तर अण्णा कोर्टाच्या पायरीवर बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. मला बघून म्हणाले, "लई घाई झाली, बाई."

विजय समितीचा झाला. फोटोवाला बोलावून रावसाहेबांच्या गळ्यात हार घातलेला फोटो काढला. त्यात मीही आहे, किमान स्त्री म्हणून. अण्णा नाहीत. त्यांची जेवायची वेळ झाली होती, आणि कुणी त्यांना थांबा म्हटलं नाही.

पोपटीला अण्णा आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या बायकोला कामं सांगायला आणखी एक माणूस मिळालं. महिनाभरानं समितीची बैठक भरली. विषय: सदर मुलीचं पुढं काय? रावसाहेबांनी तोड काढून ठेवलीच होती. पन्हाळ्याला एक कारकून होता, बायको गेलेली, तीन मुलं. तो उदार मनानं तयार होता. मुलगी अशा प्रकरणातली, निर्वासित, हुंडा नाही; यापेक्षा चांगलं स्थळ कुठून मिळणार? दोन आठवड्यांत लग्न उरकावं, असा ठराव मांडला गेला. मुलीला विचारलं का, असं अण्णांनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून विचारलं. रावसाहेब म्हणाले, तिचं हित समितीला कळतं. हात वर झाले. ठराव मंजूर.

आणि तारीखअण्णा कामाला लागले.

बैठकीची सूचना सात दिवस आधी द्यायला हवी होती, ती पाच दिवस आधी दिली, ठराव बाद. पुन्हा बैठक, पुन्हा ठराव. मग मुलीची लेखी संमती तीन प्रतींत हवी. अण्णांनी पढवल्यावरून पोपटीनं तिसरी प्रत कोरीच ठेवली. मग कारकुनाच्या आधीच्या बायकोच्या मृत्यूचा दाखला. तो आला तर त्यात गावाचं नाव चुकलेलं. मग अण्णा म्हणाले, पत्रिका जुळवायला पाहिजे. रावसाहेब गावात सुधारक म्हणून प्रसिद्ध. पत्रिकेविरुद्ध त्यांनी जाहीर व्याख्यान दिलं होतं. ते लाल झाले. "तुम्ही जैन, ती सिंधी, तो मराठा, कसली पत्रिका?"

"नवरदेवाच्या आईचा आग्रह हाय," अण्णा शांतपणे म्हणाले. हा आग्रह तिच्या मनात कुणी भरवला ते मला पुढं कळलं. अण्णा खास एस.टी.नं पन्हाळ्याला जाऊन आले होते. "पोरीची पत्रिका सिंधमधीच राहिली. मागवलीया. यील की. घाई कुणाला हाय?"

या वेळी मात्र त्यांच्या माजघरात कुणीतरी घाईत होतं. पोपटी सातवी फायनलचा अभ्यास करत होती. मी शाळा सुटल्यावर जाऊन तिला भूगोल शिकवायची. नकाशात ती पहिल्यांदा सिंधमधलं आपलं सक्कर शोधायची, मग कोल्हापूर, आणि दोन्हींच्या मधलं अंतर बोटांनी मोजायची. ती पास झाली त्याच सुमाराला पन्हाळ्याच्या कारकुनानं कंटाळून गारगोटीची एक मुलगी केली. रावसाहेबांनी समितीच्या बैठका बोलावणंच सोडून दिलं. पोपटीला मिरजेला नर्सिंग शिकायला जागा मिळाली.

त्याच महिन्यात माझी चंदगडला बदली झाली होती. त्यामुळं पोपटीला पोचवायला गेलो ती स्टेशनवरची दुपार हीच अण्णांची आणि माझी शेवटची भेट. ती पत्र्याची ट्रंक घेऊन खिडकीशी बसली. तिच्या मांडीवर शेंगांची पिशवी. "सही करायच्या आधी कागुद दोनदा वाच," ते म्हणाले. "कुणी घाई केली तर तीनदा वाच." ती हसली, रडली, आणि गाडी हलल्यावर तिनं खिडकीतून हात काढून अण्णांच्या कोटाची विरलेली बाही धरली, ती हातातून सुटेपर्यंत.

गाडी गेल्यावर फलाट रिकामा झाला. आम्ही दोघं बाहेर टांग्यांपाशी आलो. गेलं दीड वर्ष माझी एक गोष्ट बोलायची राहिली होती.

"अण्णा," मी म्हणाले, "पन्हाळ्याच्या लग्नाचा तो ठराव झाला ना, तेव्हा मीही..."

"हात वर केलासा. बघितलं की मी."

"कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं?"

"वाटलं होतं, तिचं भलंच होईल. सगळ्यांनीच हात वर केले होते."

अण्णांनी टांग्यात पाय ठेवला, बसले, धोतर सावरलं. रागावले नव्हते. एखाद्या साक्षीदारानं जे पाहिलं ते सांगावं तसं म्हणाले, "डावा हात वर केलासा, बाई. उजव्या हातात च्याचा कप हुता. तेवढा खाली ठिवला न्हाईसा."

आणि टांगेवाल्याला म्हणाले, "चल."